लोखंडाचा भाव

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी दिवसातून तीन-तीनदा फिरू लागते. फराळाचा वास सुटण्याच्या आधी आमच्याकडे दिवाळी येते ती धुळीच्या वासाने. माळ्यावरचे फुटके पिंप, कान तुटलेली कढई, पाय मोडलेली खुर्ची, मुले मोठी झाल्यावर पोरकी झालेली तीनचाकी सायकल, असे सारे अंगणात येऊन पडते आणि हातगाडीवाला आपला काटा काढून एकेक वस्तू त्याला टांगतो. त्याच्या काट्याला सायकल कळत नाही, लोखंड कळते. ज्या सायकलवरून पडून आमच्या थोरल्याने गुडघा फोडून घेतला आणि रडत रडत पुन्हा तिच्यावरच चढला, ती सायकल त्या काट्यावर सहा किलो भरते. यात भंगारवाल्याचे काही चुकत नाही. तो लोखंड घ्यायला आलेला असतो, तसे ओरडून सांगतो आणि लोखंडाचेच पैसे देतो.

चुकते ते दुसऱ्याच एका माणसाचे. ज्याला सायकल कळते, आणि तरीही जो लोखंडाचा भाव देऊन ती घेऊन जातो, त्याचे. गेल्या फाल्गुनात तो माणूस मी होतो. वस्तू मात्र तीनचाकी नव्हती, चारचाकी होती.

मला जुन्या मोटारींचा नाद आहे. मुद्दामच नाद म्हणतो. छंद माणूस लावून घेतो. नाद त्याला लागतो. बँकेत पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब लिहून निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रा करतात, नातवंडांना शाळेत पोचवतात, वर्तमानपत्रांना पत्रे लिहितात. मी जुन्या मोटारींची चित्रे जमवू लागलो, मग त्यांचे सुटे भाग जमवू लागलो, आणि अखेर एक सबंध मोटारच हवी असे वाटू लागले. हवी होती तीही एकच, डुक्कर फियाट.

हे नाव ऐकून नव्या पिढीला ती हेटाळणी वाटेल. पण आपल्याकडे लाडक्या पोरालाच ‘गधड्या’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. गोल पाठ, फुगीर गाल आणि पुढे आलेले नाक. ही गाडी समोरून येताना पाहिली की दुसरे नाव सुचतच नाही. पुढचे दरवाजे आजच्या रीतीच्या उलट उघडतात. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असतो. पुढची बैठक सलग बाकासारखी, तिच्यावर तिघे बसत आणि मांडीवर पोर घेऊन चौघेही. इटलीतल्या फियाट कंपनीची ही ११०० जातीची गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ साली काढली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही आपल्या देशात बांधली गेली पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा गृहस्थ १९५३ साली वारला. त्याने लावलेल्या झाडाची फळे मात्र पुढची पन्नास वर्षे रस्त्यावर धावत होती. याच वंशातली पद्मिनी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून सिनेमातून घरोघर पोचली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तीही मुंबईच्या रस्त्यावरून उठली. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. अशा काळात घरात आलेली मोटार ही वस्तू राहत नसे. तिला दसऱ्याला हार पडे, प्रवासाला निघताना तिच्या चाकाखाली लिंबू ठेवत, आणि शेजारच्या मुलीचे लग्न ठरले की वरातीसाठी पहिली मागणी तिलाच येई.

अशी एक गाडी, १९५८ सालची, सागरला एका घरी आहे अशी बातमी मला एका स्नेह्याकडून कळली. सागर म्हणजे मध्यप्रदेशातले. तिथे मराठी घरे जुनी आहेत, पेशवाईत गोविंदपंत बुंदेल्यांचा अंमल तिकडे बसला तेव्हापासूनची. गाडीचे मालक वकील होते. ते सहा वर्षांपूर्वी गेले. आता त्यांच्या पत्नी घर विकून मुलीकडे भोपाळला निघाल्या होत्या, आणि मोटारीचे काय करावे हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

नागपूरहून सागर सुमारे चारशे किलोमीटर. मी बरोबर मिस्त्रींना घेतले. मिस्त्री उत्तर नागपूरचे. चाळीस वर्षे फियाटी उघडणे आणि बसवणे एवढेच त्यांनी केले आहे. जाताना भाड्याची गाडी, येताना ती फियाटच चालवत आणायची असा बेत होता. पहाटे चारला निघालो. मनसर मागे पडले, देवलापार गेले, खवाशाला राज्याची हद्द ओलांडली. एके काळी हा सातवा राष्ट्रीय महामार्ग होता. आज तो चव्वेचाळिसावा आहे आणि श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. पेंचच्या जंगलात तर रस्ता खांबांवर उचलला आहे, खालून वाघ-हरणांनी जावे म्हणून. उजाडले तेव्हा सिवनीकडचा सगळा डोंगर पळसाने पेटला होता. लखनादौन गेले, नरसिंहपूर गेले, बरमानच्या पुलावर नर्मदामाईला एक रुपया टाकला आणि दुपारच्या आत सागर गाठले.

काकूंचे वय ऐंशीच्या आसपास असावे. त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा दिला, मग नागपूरला आता उन्हाळा कसा असतो ते विचारले, आणि मग आम्हाला मागच्या अंगणात नेले. पत्र्याच्या छपराखाली गाडी होती. तिच्यावर जुन्या लुगड्यांची जोडून शिवलेली खोळ होती. मिस्त्रींनी खोळ उचलली आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. राखाडी रंग जागोजाग उडालेला, पण पत्रा कुठे कुजलेला नाही. काचा शाबूत. मिस्त्रींनी तीन-चारदा सेल्फ मारला आणि पोटात दुखणाऱ्या माणसाने कण्हावे तसे कण्हत इंजिन चालू झाले. मिनिटाभरात ते कण्हणे थांबून एकसुरी गुणगुण सुरू झाली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला ठाऊक होता.

“भंगारवाला पंचवीस हजार म्हणत होता,” काकू म्हणाल्या. “म्हणाला, लोखंडाचा भाव लावलाय, याच्यावर कोणी देणार नाही. तुम्ही हौशी माणसं, गाडी मोडणार नाही. तुम्ही तीस द्या.”

मी हिशेबातला माणूस. अशी चालती डुक्कर फियाट नागपुरात मला तीन लाखांच्या खाली कोणी दाखवली नव्हती. मी घरून निघतानाच दोन लाखांपर्यंत जायचे असे मनाशी ठरवले होते. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी गप्प होतो, म्हणून त्याच म्हणाल्या, “जास्त तर नाही ना होत?”

“नाही काकू, ठीक आहे,” मी म्हणालो.

आणि तीस हजार मोजून दिले. एक रुपयाही कमी केला नाही, याचे मला त्या क्षणी थोडे कौतुकही वाटले. काकूंनी गाडीच्या नाकावर हळदकुंकू वाहिले. घरात जाऊन त्या एक जाड वही घेऊन आल्या. “ही ह्यांची गाडीची वही. हिचं मी काय करू? गाडीबरोबरच जाऊ द्या.” कागदपत्रे त्यांनी ठाकठीक ठेवली होती. ती रात्र आम्ही सागरलाच काढली आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, अठ्ठावन सालच्या गाडीत बसून, परत फिरलो.

नरसिंहपूर सोडले की रस्ता सातपुड्याच्या अंगावर चढू लागतो. ऊन तापले, चढ लागला, आणि ती सुरेख गुणगुणणारी गाडी दोन आचके देऊन उभी राहिली. मी घाबरलो, मिस्त्री हसले. जुन्या फियाटीचा हा आजार त्यांच्या ओळखीचा होता. इंजिनाची धग त्याला चिकटलेल्या पेट्रोलच्या पंपाला लागते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो. उपाय एकच. पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि झाडाखाली बसून राहायचे. पळसाची सावली ती काय असणार! फुले भरपूर, पान एकही नाही. तरी तिच्याखाली आम्ही बसलो. वेळ घालवण्यासाठी मी विचारले, “मिस्त्री, हिच्यात मूळचं काय काय उरलं आहे हो?”

त्यांनी बोटे मोजली. “कार्बोरेटर पद्मिनीचा हाये. पंप मागून बसवला हाये. वायरिंग बदललं. रेडिएटर दुसऱ्याच गाडीचं दिसते. सीटा दोनदा शिवल्या. चाकं तं किती बदलले असतील कोण जाणे.”

“मग ही अठ्ठावनचीच गाडी कशी म्हणायची?”

“साहेब, हा सवाल लय जुना हाये,” मिस्त्री म्हणाले. “आमच्या विहारात भन्तेजींनी सांगतला होता. मिलिंद राजा अन् नागसेन.”

ज्या नगरीत १९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तिथे नागसेन हे नाव पोथीत अडकून पडलेले नाही. ते पाळण्यात ठेवले जाते. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे. तेव्हा मिस्त्रींना ही गोष्ट ठाऊक असावी यात नवल नाही. नवल हे, की ती त्यांनी पुढ्यात उघड्या पडलेल्या इंजिनाकडे बोट दाखवत सांगितली, आणि मला ती पहिल्यांदाच कळली.

मिलिंद हा ग्रीक राजा, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला, वादविवादात कोणाला हार न जाणारा. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग नागसेन विचारतो की रथ म्हणजे काय ते सांगा. दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे मिळून? तेही नाही. मग यांच्यावाचून निराळे काही? तेही नाही. तेव्हा नागसेन म्हणतो, मला तर रथ कुठे सापडत नाही. आपण खोटे बोललात काय? राजा अखेर सांगतो की या साऱ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नुसते नाव चालते. नागसेन म्हणतो, बरोबर, आणि माणसाचेही तसेच आहे. त्याच ग्रंथात दिव्याचीही उपमा आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटल्या प्रहराची ज्योत एकच म्हणावी की निराळी? एकच म्हणता येत नाही, निराळीही म्हणता येत नाही. पण दिवा मात्र रात्रभर तोच जळत असतो.

अडीच-तीन हजार वर्षे तत्त्वज्ञ ज्यावर डोके खाजवत आले, तो प्रश्न आपल्या सरकारलाही सुटलेला नाही. २०२१ च्या जुलैत जुन्या मोटारींसाठी नियम झाला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, वरचा साज किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे नागसेनाने रथाचे जे भाग एकेक करून नाकारले, त्यांतले तीन सरकारने ठेवून घेतले आणि म्हटले, हे असले की गाडी तीच! कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून ती ओढली आहे.

फडके वाळले होते. मिस्त्री ते पुन्हा भिजवायला उठले आणि मी सहज म्हणून वही उघडली. पहिली नोंद १९६३ सालची. वकिलांचे अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेले. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, तेल, खर्च, असे रकाने आखलेले. ‘पॉइंट साफ केले.’ ‘डाव्या बाजूचा लाइनर बदलला.’ ‘दसरा. हार व नारळ.’ ‘बेबीला घेऊन दवाखाना. रात्री २.’ पुढे पुन्हा, ‘पॉइंट साफ केले.’ असे पान उलटत गेलो. मिस्त्री मागून वाकून पाहत होते. त्यांनीच बोट ठेवले.

“साहेब, इथून अक्षर बदललं.”

खरेच बदलले होते. रकाने तेच होते, अक्षर मोठे आणि सुटे होते. ‘रविवार. चालू केली. दहा मिनिटे.’ त्याखाली पुन्हा, ‘रविवार. चालू केली. दहा मिनिटे.’ मधूनच ‘बॅटरी बसली. मुलगा बोलावून चार्ज केली. रु. १५०.’ ‘खोळ शिवली.’ आणि पुन्हा, ‘रविवार. चालू केली. दहा मिनिटे.’ पाने उलटली तरी ते संपेना. सहा वर्षांचे रविवार होते ते. गाडी चालवता न येणाऱ्या एका बाईने दर रविवारी मागच्या अंगणात जाऊन ते इंजिन दहा मिनिटे जागे ठेवले होते. म्हणूनच ते काल चौथ्या झटक्याला बोलले. म्हणूनच ती गाडी होती. नाही तर ते नऊशे किलो लोखंडच होते.

मिस्त्रींनी पंपावर फडके गुंडाळले. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, “काकूले भाव मालूम नव्हता, नाई?”

“नसावा,” मी म्हणालो.

“तुमाले होता.”

एवढेच. मग त्यांनी सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली.

पुढच्या दोनशे किलोमीटरांत मी मनातल्या मनात जो खटला चालवला, त्यात आरोपी मी, वकील मी आणि न्यायाधीशही मीच होतो. आरोपीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. सौदा खुशीचा होता. किंमत तिने सांगितली, मी नाही. भंगारवाला पंचवीस देत होता, मी तीस दिले. शिवाय जाणकाराच्या जाणतेपणाला काही मोल आहे की नाही? वर्षानुवर्षे मी पुस्तके चाळली, गॅरेजांतून उभा राहिलो, तेव्हा कुठे मला चांगली फियाट ओळखता येऊ लागली. घेणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले सगळे देणाऱ्याला सांगायचे ठरवले, तर कुणी काही शोधायला कशाला निघेल? जमीन घेताना, शेअर घेताना, बाजारात आंब्याची पेटी घेतानासुद्धा आपण असे सांगत नाही. व्यवहार म्हणजे थोडा खेळच असतो आणि पत्ते उघडे टाकून खेळ होत नाही.

हे सगळे खरे आहे असे मला आजही वाटते. पण खेळ म्हणायचा तर दोघांनाही तो खेळ आहे हे ठाऊक हवे. आंब्याच्या बाजारात बसलेल्या बागवानाला ते ठाऊक असते. तो माझ्यापेक्षा सवाई असतो. काकू खेळत नव्हत्या. ‘जास्त तर नाही ना होत?’ असे खेळणारा माणूस विचारत नाही. त्या मला सल्ला विचारत होत्या. समोर आलेला हा नागपूरचा माणूस गाडीतले जाणतो, तर त्याचेच मत घ्यावे, इतका साधा तो विश्वास होता, आणि तो मी तीस हजारांत विकत घेतला.

जाणतेपणाच्या मोबदल्याचेही तसेच. गाडी ओळखण्याची विद्या माझी, हे मान्य. पण जिच्यामुळे ओळखण्याजोगे काही उरले, ती विद्या माझी नव्हती. सुटे भाग आणि गाडी यांच्यात नागसेनाला हाती धरता येण्यासारखे काही सापडले नाही. त्याचे सत्य त्याच्या जागी. किमतीच्या व्यवहारात मात्र त्या दोहोंत पुष्कळ काही असते. पंचवीस हजार आणि तीन लाख यांच्यामधली सगळी रक्कम म्हणजे त्या वहीत लिहिलेले होते. साफ केलेले पॉइंट होते, लुगड्यांची खोळ होती, सहा वर्षांचे रविवार होते. ती रक्कम मी शोधून काढली म्हणून माझी होत नाही. रस्त्यात सापडलेल्या पाकिटावर ज्याचे नाव आहे, ते त्याचेच असते. वाचता मला येते, एवढेच माझे.

रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात क्विंटस स्कीवोला नावाच्या गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. हा एक जमीन विकत घेत होता. विकणाऱ्याने किंमत सांगितली. स्कीवोला म्हणाला, माझ्या मते हिचे मोल याहून जास्त आहे, आणि त्याने सांगितलेल्या किमतीवर एक लाख नाणी जास्त दिली. सिसेरो पुढे लिहितो की हे भल्या माणसाचे वागणे आहे हे कोणीच नाकारत नाही; पण शहाण्या माणसाचे नव्हे, असे लोक म्हणतात. दोन हजार वर्षे लोटली, लोक अजून तेच म्हणतात. आपल्याकडे तर ‘भोळा’ हा एक शब्द पुरतो.

कुरईचा घाट उतरताना मला आणखी एका रथाची आठवण झाली. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. अश्वत्थामा मेला, असे तो द्रोणाचार्यांना म्हणाला. हत्ती की माणूस हे पुटपुटला. आणि रथ खाली टेकला. लहानपणी मला वाटे, यात खोटे काय होते? त्या नावाचा हत्ती मेला होताच. आज कळते की त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणूनच ते इतके खोटे होते. ‘नाही काकू, ठीक आहे.’ यातही एक शब्द खोटा नाही. तीस हजार मला जास्त होत नव्हते आणि ठीकच वाटत होते. द्रोणाचार्य सत्य विचारायला युधिष्ठिराकडेच आले, कारण त्याचा लौकिक होता. काकूंनी मला विचारले, कारण मी त्यांचा चहा पीत समोर बसलो होतो.

इथपर्यंत येऊन मी गाडी परत वळवली असती तर हा लेख लिहायला मला अधिक शोभले असते. मी वळवली नाही. नागपूरला आलो, सीताबर्डीच्या चौकात चार लोकांनी थांबून गाडीचे फोटो काढले, आणि घरापुढे गाडी लावताना माझी छाती फुगली होती. नंतर चाळीसएक दिवस मी नुसती कारणे काढली. आधी ना-हरकत दाखला येऊ दे. आधी खर्च किती येतो ते कळू दे. आधी त्या भोपाळला स्थिरस्थावर होऊ देत. हिशेबातल्या माणसाला मुदत वाढवण्याची कला चांगली येते. रोज सकाळी गाडी पुसताना वही समोरच्या खणात दिसे, आणि मी खण लावून घेई.

शेवटी हिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे गच्चीचे पैसे जाणार.” गच्ची दोन पावसाळे गळत होती, तिच्या दुरुस्तीसाठी ठेव ठेवली होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पण वही मला दाखवायला हवी होतीत आधी.” मिस्त्रींना बसवून, जशी होती तशा गाडीची वाजवी किंमत काढली. ती दोन लाख ऐंशी हजार निघाली. ठेव मोडली आणि काकूंना फोन केला.

मी पाठ करून ठेवले होते. गाडीचे खरे मोल इतके होते, ते मला तेव्हाही ठाऊक होते, मी बोललो नाही. गाडी परत हवी असेल तर आणून पोचवतो. नको असेल तर अडीच लाख पाठवतो. एवढे बोलून मी थांबलो. खरे सांगायचे तर मी वाट पाहत होतो. पलीकडून गहिवर येईल, ‘असं कोण करतं हो आजकाल’ असे काही कानावर पडेल, अशी माझी अपेक्षा होती. काकूंनी विचारले, “हिशेब कसा काढलात?” मी सांगितला. इंजिनाचे किती धरले, पत्र्याचे किती, रंगाचे किती वजा केले, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले. “बरं,” त्या म्हणाल्या, “गाडी राहू दे तुमच्याकडे. पैसे पाठवा. पोचले की कळवते.”

मला थोडा राग आला, तो मी कबूल करतो. आणि राग आला तेव्हाच उमगले की माझे काय चुकत होते. मी त्यांना देणगी देत नव्हतो, त्यांचेच परत करत होतो. आणि परत करणाऱ्याने आभाराची वाट पाहणे म्हणजे चांगुलपणाही लोखंडाच्या भावात मागणे होय. त्या फोन ठेवतील असे वाटले, तेवढ्यात त्या पुन्हा बोलल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादी गोष्ट समजली नाही म्हणून विचारावी तसे त्यांनी विचारले,

“पण मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्या दिवशी खिशात दोन लाखांची तयारी होती. खरे बोलायला एक वाक्य लागले असते. मला अडवणारे कोणी नव्हते. मिस्त्रीसुद्धा माझ्या बाजूने मान हलवून उभे होते. मोह मोठा होता असेही नाही. नुसते गप्प राहणे सोपे होते, म्हणून मी गप्प राहिलो. मोठ्या अन्यायाला मोठे कारण तरी असते. आपले बहुतेक अन्याय असे, समोर ठेवलेला चहा पीत पीत होऊन जातात.

गाडी आता दारापुढे आहे. गच्ची याही पावसाळ्यात गळली. दर रविवारी मी गाडी चालू करतो आणि वहीत नोंद करतो. आता त्या वहीत तीन अक्षरे झाली आहेत. दसऱ्याला हार आणि नारळ झाला, तोही लिहिला. गाडी तीच का, याचा निकाल मी नागसेनावर सोपवला आहे. त्या वहीत एका पानावर माझ्या हातच्या पहिल्या दोन नोंदी आहेत. एक, ‘गाडी घेतली. रु. ३०,०००.’ दुसरी, ‘बाकी दिली. रु. २,५०,०००.’ हिशेब बरोबर जुळतो. बँकेतल्या माझ्या जुन्या साहेबांनी तो डोळे मिटून मंजूर केला असता. पण त्या दोन नोंदींच्या तारखांमध्ये एकेचाळीस दिवस आहेत, आणि काकूंनी जे विचारले ते त्या एकेचाळीस दिवसांबद्दल होते. त्यांचा रकाना मी आखलेला आहे. तो अजून कोरा आहे.